पाच सॉफ्टवेअर आहेत, आता सगळ्या हॉस्पिटलला मिळून एकच घ्यायचंय, कोणतं घ्यावं?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जालन्यात १२० खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल, अंबडला आणि परतूरला छोटी सेंटरं, बिलिंगचं सॉफ्टवेअर वेगळं, लॅबचं वेगळं, मेडिकलचं वेगळं, एक्स-रे सीटीचं वेगळं, महात्मा फुले योजनेचं (सरकारी मोफत उपचाराचं) काम सरकारी पोर्टलवर आणि वॉर्डात सगळं कागदावर. ट्रस्टी पुण्याचं एक हॉस्पिटल बघून आलेत आणि आता म्हणायलेत पाडव्यापर्यंत सगळं एकाच सिस्टीमवर पाहिजे, डॉक्टर म्हणायलेत आम्ही टायपिंग करणार नाही, आणि तीन कंपन्यांच्या कोटेशनात जमीन-अस्मानाचा फरक. त्यातून तुम्ही विचारलंय की कोणतं घ्यावं.

मी मूळची स्टाफ नर्स, नंतर मेट्रन ऑफिसला होते, आणि आता बरीच वर्षं हॉस्पिटलात सॉफ्टवेअर बसवायचं, स्टाफला शिकवायचं हेच काम करते, आपल्याच भागात, लातूर, परभणी, बीड, नांदेड. त्यामुळं माझं उत्तर वॉर्डाच्या बाजूनं येणार हे आधीच सांगते, एखादा आयटीवाला वेगळं सांगेल आणि तोही चूक नसेल.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. योजनेचे पेशंट किती, फुलटाइम डॉक्टर किती आणि संभाजीनगरहून आठवड्यातून दोनदा येणारे किती, तुमच्याकडं स्वतःचा आयटीचा पोरगा आहे का सगळं कंपनीच्या फोनवर, सेंटरला नेट कसं आहे. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुठंच दिसली नाही, ती म्हणजे हे काम कोणाचं आहे. ट्रस्टी म्हणतात, तुम्ही कोटेशन घेताय, डॉक्टर नाही म्हणतात. मग उद्या सर्जन म्हणाला मला माझा छापील फॉर्मच पाहिजे आणि फिजिशियन म्हणाला मला माझा, तर दोघांना बसवून "हा एकच फॉर्म राहील" असं सांगणारा माणूस कोण? तो तुमच्याकडं नसेल तर सगळ्यात महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी सहा महिन्यांनी पाचाची सहा सॉफ्टवेअर होतील, म्हणजे जुनी पाच चालूच आणि वर हे नवं. मी असं झालेलं पाहिलंय, आणि तिथं सॉफ्टवेअर वाईट नव्हतं.

तो माणूस शक्यतो डॉक्टर असावा, प्रॅक्टिस चालू असलेला, ज्याचं बाकीचे ऐकतात असा. रिटायर झालेले मेडिकल डायरेक्टर नको, आणि ॲडमिनिस्ट्रेटर एकटा तर अजिबात नको, राग मानू नका. डॉक्टर ॲडमिनचं ऐकून घेतात आणि ओपीडीत जाऊन जे करायचं तेच करतात. त्याच्या जोडीला एक सिनियर सिस्टर, एक लॅबचा, एक बिलिंगचा, आणि ट्रस्टींपैकी एकजण ज्याला सहीचा अधिकार आहे. या मंडळींनी दर आठवड्याला तासभर बसायचं आणि जे ठरेल ते लिहून सगळ्यांना पाठवायचं. डेमो बघायच्या आधी हे करा.

आता पहिलं ठरवायचं ते पेशंटचा नंबर. एकच रेकॉर्ड म्हणजे एका माणसाचं सगळं एका जागी, आणि त्यासाठी तो माणूस एकदाच नोंदवला गेला पाहिजे. ऐकायला सोपंय. तुम्ही एक दिवस सकाळी दहा ते बारा तुमच्या केसपेपरच्या खिडकीमागं उभं राहा. बाई येते, नाव सांगते गयाबाई. मागच्या वेळी पोरानं गया रामराव म्हणून लिहिलेलं, त्याच्या आधी माहेरच्या नावानं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. मोबाईल नंबर नवऱ्याचा, तो ऊसतोडीला गेला की पुतण्याचा, पुढच्या वर्षी सिम बदललेलं. जन्मतारीख आधारवर १ जानेवारी, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत कितीतरी जणांची १ जानेवारीच आहे, म्हणून तारखेवर शोधून काही हाती लागत नाही. मागं लाईन लागलेली, खिडकीतला पोरगा शोधत बसत नाही, "नवीन" दाबतो आणि पुढचा घेतो. झाली एका बाईची तीन रेकॉर्डं. पेनिसिलिनची ॲलर्जी एकात, शुगरचे रिपोर्ट दुसऱ्यात.

म्हणून नियम असा ठेवा की आधी शोधायचं, मगच नवीन करायचं, आणि शोधताना नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि गाव हे तिन्ही विचारायचे. गाव लई कामाला येतं आपल्याकडं. गाव टाइप करू देऊ नका, तालुका निवडला की गावांची यादी यावी, नाहीतर एकाच गावाची चार स्पेलिंगं होतात. दोन रेकॉर्ड एक करायचा अधिकार फक्त एमआरडीला, म्हणजे रेकॉर्ड विभागाला द्या, खिडकीला देऊ नका, कारण दोन वेगवेगळ्या माणसांची रेकॉर्डं चुकून एक झाली तर ते डबल रेकॉर्डपेक्षा वाईट, आणि सोडवायला महाकठीण.

कोणीतरी सांगेल की आता आभा आहे ना, तोच नंबर वापरा. आभा जरूर घ्या. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, त्यात माणसाला १४ अंकी आभा नंबर मिळतो, आणि खिडकीवर क्यूआर लावला की पेशंट मोबाईलनं स्कॅन करून स्वतःची माहिती पाठवतो, स्पेलिंगचा अर्धा त्रास तिथंच संपतो. पण हॉस्पिटलचा स्वतःचा नंबर पाहिजेच. कॅज्युअल्टीत रात्री बेशुद्ध आलेल्या ॲक्सिडेंटच्या पोराचा आभा कोण काढणार? आत्ता जन्मलेल्या जुळ्यांना नंबर कुठून आणणार? आत आपला नंबर, त्याला आभा जोडलेला, हे बरोबर. कंपनीला विचारताना "आभा सपोर्ट आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. एम वन, एम टू, एम थ्री यातलं काय काय पूर्ण आहे ते विचारा. एम वन म्हणजे आभा बनवणं आणि तपासणं, एम टू म्हणजे तुमचे रिपोर्ट पेशंटच्या आभाला जोडून त्याच्या संमतीनं बाहेर देता येणं, एम थ्री म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलचे रेकॉर्ड संमती घेऊन तुम्हाला बघता येणं. तुमचा पेशंट पुढं संभाजीनगरच्या घाटीला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला जातो, कोणी सोलापूरला, कोणी हैदराबादला, त्यामुळं एम टू तरी पाहिजेच. तुमच्या हॉस्पिटलची आणि डॉक्टरांची या मिशनच्या रजिस्ट्रीत नोंद करून घ्यायला सॉफ्टवेअरची वाट बघायची गरज नाही, ते आत्ताच सुरू करा.

दुसरं, नावांच्या याद्या. तुमच्या पाच सॉफ्टवेअरमध्ये रक्ताची एकच तपासणी सीबीसी, सीबीपी आणि हिमोग्राम अशा तीन नावांनी पडलेली असेल आणि तिघांचे रेट वेगळे असतील. हे कंपनी साफ करून देत नाही, ती तुमची एक्सेल घेते आणि जशीच्या तशी आत टाकते. औषधांचं तर अजून नाजूक. मेडिकलवाला ब्रँडनं यादी ठेवतो, त्याचं बरोबर आहे, त्याला स्टॉक बघायचाय. पण ऑगमेंटिनच्या मागं अमॉक्सिसिलिन आहे हे सिस्टीमला माहीतच नसेल तर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेल्या पेशंटला ते लिहिताना कसलीही वॉर्निंग येणार नाही, आणि डेमोमध्ये मात्र वॉर्निंग लालभडक दिसते कारण त्यांच्या डेमोची यादी साफ केलेली असते. प्रत्येक ब्रँडला त्यातलं मूळ औषध जोडलेलं आहे का हे बघा. नावांमागं ठरलेले कोड असावेत, निदानासाठी आयसीडी-१०, बाकी क्लिनिकल शब्दांसाठी स्नोमेड सीटी, जे भारतात वापरायला फी लागत नाही, लॅबसाठी लॉइंक. केंद्राच्या ईएचआर (कॉम्प्युटरवरचं पेशंटचं रेकॉर्ड) स्टँडर्डमध्ये, म्हणजे २०१३ ला आलेल्या आणि २०१६ ला सुधारलेल्या, हीच नावं आहेत, म्हणून कंपनीकडं ती हक्कानं मागा. डॉक्टरांना हे कोड दिसायची गरज नाही, त्यांना साधे शब्द दिसावेत आणि कोड मागं राहावा.

आता डॉक्टर आणि टायपिंग. मला डॉक्टरांची बाजू पटते हो. सकाळच्या ओपीडीत ऐंशी-नव्वद पेशंट, एकेकाला दोन-तीन मिनिटं, त्यात तुम्ही म्हणणार तक्रार इथं निवडा, कालावधी तिथं निवडा. कोणीच करणार नाही. सगळे ओपीडीपासून सुरुवात करतात कारण ट्रस्टींना तेच दिसतं, आणि तिथंच गाडी रुतते. माझा क्रम उलटा असतो. पहिल्यांदा नोंदणी आणि बिलिंग, मग लॅब, मेडिकल आणि एक्स-रे सीटी, मग वॉर्ड, मग डिस्चार्ज कार्ड, आणि ओपीडीचं प्रिस्क्रिप्शन सगळ्यात शेवटी. कारण लॅब जोडली की डॉक्टरला काही न टाइप करता काहीतरी मिळतं, क्रिएटिनिन मोबाईलवर दिसतं, मागच्या वेळचं शेजारी दिसतं, वॉर्डात फोन करून "रिपोर्ट आला का" विचारावं लागत नाही. आणि डिस्चार्ज कार्डात तपासण्या, औषधं, ऑपरेशनची तारीख आपोआप आली की आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, तुमचे पाय धरतील, एकेका कार्डाला अर्धा-पाऊण तास जातो त्यांचा. एवढं मिळाल्यावर ओपीडीचं बोलणं सोपं जातं. तेव्हासुद्धा प्रत्येक डॉक्टरला त्याच्या नेहमीच्या दहा-पंधरा आजारांचे तयार साचे करून द्या, आणि ज्याला नाहीच जमत त्याच्या शेजारी टाइप करायला एक माणूस बसवा, नाहीतर तो कागदावर लिहील आणि ते स्कॅन होईल, तेही चालेल सुरुवातीला. लोक म्हणतील स्कॅन म्हणजे काय ईएचआर झालं का. म्हणू द्या.

कागद चालणार नाही ती जागा म्हणजे औषधाची ट्रीटमेंट शीट. यावर मी कधीच तडजोड करत नाही. रात्रीच्या ड्युटीचं चित्र डोळ्यासमोर आणा. एक सिस्टर, पंचवीस पेशंट, फिमेल मेडिसिन वॉर्ड. कन्सल्टंटला फोन लागतो, ते म्हणतात इन्सुलिन कमी करा, आरएमओ ते केसपेपरवर लिहितो आणि कॅज्युअल्टीत पळतो. कॉम्प्युटरमध्ये जुनाच डोस. पहाटे ड्युटी बदलते, आलेली सिस्टर स्क्रीनवर बघून डोस भरते. इथं कोणाचीच एकट्याची चूक दाखवता येत नाही, आणि पेशंटची शुगर मात्र पन्नासवर उतरलेली. म्हणून वॉर्ड बदलायचा तर तो पूर्ण बदलायचा, त्या दिवसापासून त्या वॉर्डात कागदाची ट्रीटमेंट शीट छापूनच द्यायची नाही. "महिनाभर दोन्ही चालू ठेवू, सवय होईल" हे सुरक्षित वाटतं पण सगळ्यात धोक्याचं तेच. त्यापेक्षा एक वॉर्ड घ्या, दोन-तीन आठवडे कंपनीचा माणूस रात्रीसकट तिथंच बसवा, मग दुसरा घ्या. फोनवर दिलेली ऑर्डर सिस्टरनं टाकायची, कोणी दिली ते नाव त्यात यावं, आणि डॉक्टरनं नंतर ती मान्य करायची ही सोय आहे का ते डेमोत बघा. आणि लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. "वॉर्डवन" नावाचं एक लॉगिन आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, हे अर्ध्या हॉस्पिटलात दिसतं, मग एमएलसी, म्हणजे पोलिसांत गेलेल्या केसमध्ये कोर्टात विचारलं की हे कोणी लिहिलं तर सांगणार काय? लॉगिनला वेळ लागतो म्हणून सिस्टर असं करतात, आळस म्हणून नाही. कार्ड किंवा बोट लावून लॉगिन झालं तर हा प्रश्न बराचसा सुटतो, त्याचा खर्च कोटेशनमध्ये धरा. कॉम्प्युटरही मोजून धरा, पंचवीस खाटांना एकच असेल तर औषधं देऊन झाल्यावर तासाभरानं सगळ्यांची एकदम टिकमार्क होते, ते रेकॉर्ड कशाचंच नाही.

ट्रस्टींना पैशाचं गणित सांगायचं असेल तर ते योजनेतून सांगा. महात्मा फुले योजना आधी राजीव गांधी जीवनदायी म्हणून २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यात आपलं नांदेड होतं, म्हणजे इकडच्या स्टाफला हे काम जुनंय. आता कव्हर पाच लाखांपर्यंत गेलंय आणि कागदपत्रंही वाढलीत. क्लेम अडकतात ते बहुतेक वेळा आजारामुळं नाही, तर केसपेपरवर एक स्पेलिंग आणि कार्डावर दुसरं, ऑपरेशन नोटची वेळ आणि भूलतज्ज्ञाच्या नोटची वेळ जुळत नाही, एखादा रिपोर्ट लावायचा राहिला, यामुळं. रेकॉर्ड एक असेल तर हे तिथल्या तिथं पकडता येतं. पण कंपनीचा सेल्सवाला "योजनेला जोडलेलं आहे" म्हणाला की लगेच विश्वास ठेवू नका, पोर्टल सरकारी आहे, त्यात बऱ्याचदा तुमच्या माणसाला परत हातानंच भरावं लागतं. तुमच्या योजनेचं काम बघणाऱ्या पोराला डेमोत बसवा आणि कालच्या एका खऱ्या केसची फाईल, पेशंटचं नाव झाकून, त्यांच्या सिस्टीममध्ये तयार करून दाखवायला सांगा. फोटो आणि पीडीएफ पोर्टलला चालतील त्या साईजचे एका बटणावर निघतात का, एवढं बघितलं तरी तीनपैकी एक कंपनी गळेल.

लाईट आणि नेट याबद्दल थोडक्यात. पूर्ण क्लाउडवर जायचं असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नेट लाईन घ्या, आणि दोन्ही केबल एकाच रस्त्याच्या कडेनं येत नाहीत ना बघा, कारण जेसीबीला कंपनीचं नाव वाचता येत नाही. तुमच्या जागी मी असते तर जालन्यात स्थानिक सर्व्हर आणि बाहेर रोजची कॉपी, असं धरलं असतं. डेमो चालू असताना नेटची वायर काढा आणि विचारा की आता दाखवा. सिस्टीम बंद पडली तर वापरायचे कागदी फॉर्म प्रत्येक वॉर्डात एका फोल्डरमध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा तासभर मुद्दाम त्यावर काम करून बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा जवळजवळ दोन आठवडे तिथं बरंच काम हातानं चाललं. एम्सला होऊ शकतं तर आपल्यालाही होऊ शकतं, म्हणून बॅकअपची एक कॉपी नेटवर्कला न जोडलेली ठेवा, आणि त्यातून डेटा परत येतो का हे वर्षातून एकदोनदा करून बघा.

करार करताना किमतीपेक्षा बाहेर पडायच्या अटी आधी वाचा. डेटा हॉस्पिटलचा, तो कधीही मागितला की रिपोर्ट आणि स्कॅनसकट उघडता येईल अशा स्वरूपात द्यायचा, बिल थकलं म्हणून अडवायचा नाही. आपल्याच राज्यात जुलै २०२२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजांतली जुनी एचएमआयएस, म्हणजे हॉस्पिटलची कॉम्प्युटर सिस्टीम, बंद झाली आणि लोक परत कागदावर आले, तो वाद कोणाचा ते सोडा, पण जुना डेटा हाताशी असणं किती महत्त्वाचं हे त्यावरून समजतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं रेकॉर्ड ठेवायचं आणि पेशंटनं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, ही जबाबदारी तुमची, कंपनीची नाही. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदाही आहेच. कोटेशनातला तो जमीन-अस्मानाचा फरक बहुधा तीन जागी सापडेल. लॅबची मशीन जोडायचे पैसे प्रत्येक मशीनमागं वेगळे आहेत का, युजर मोजून पैसे आहेत का, आणि दुसऱ्या वर्षीचं एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, किती. स्वस्तवाल्यानं हे बाहेर ठेवलेलं असतं.

एनआयसीचं ई-हॉस्पिटल आणि सी-डॅकचं ई-सुश्रुत ही नावं तुम्ही ऐकली असतील, ती मुख्यतः सरकारी दवाखान्यांत चालतात, तिथं जाऊन काम कसं चालतं ते बघायला हरकत नाही. आणि कोणत्याही कंपनीनं दिलेल्या रेफरन्स हॉस्पिटलात गेलात तर डायरेक्टरच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नका, संध्याकाळी सातनंतर वॉर्डात जा आणि ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा की हे बंद पडलं तर फोन कोणाला करता, आणि ते उचलतात का.

जुन्या कागदांचं काय असंही तुम्ही विचारलंय. सगळे स्कॅन करायच्या नादी लागू नका, पैसे आणि माणसं दोन्ही जातील आणि कोणी बघणार नाही. डायलिसिस, शुगर-बीपीचे नियमित येणारे, गरोदर बाया, कॅन्सरचे पेशंट, एवढ्यांचा एक पानाचा सारांश आत टाका. बाकीच्यांचं ते येतील तसं.

पाडव्याचं मात्र जमणार नाही असं ट्रस्टींना स्पष्ट सांगा. मार्चअखेर अकाउंट्सवाल्यांची मान वर होत नाही, त्यात बिलिंग बदललं तर ते तुम्हाला शिव्या घालतील. ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंग्यू-मलेरियाची गर्दी, तेव्हा तर नकोच. मला जून बरा वाटतो, पेरणीच्या दिवसांत ओपीडी पातळ असते. तोपर्यंत पेशंट नंबर आणि याद्यांचं काम उरकेल, ते नीट केलं तर दोन-तीन महिने सहज जातात. सुरुवातीचा दिवस तुमच्या आठवडी बाजाराचा नको, आणि पहिल्यांदा अंबडचं सेंटर करा, जालना नंतर, छोट्या जागी घोळ लवकर दिसतो आणि लवकर निस्तरतो.

योजनेचे पेशंट साधारण किती टक्के आणि फुलटाइम डॉक्टर किती एवढं कळवा, आणि तिन्ही कोटेशन कंपनीची नावं झाकून टाका. मशीन जोडणी आणि एएमसीच्या ओळी बघून कुठं काय लपलंय ते सांगते.